फाट्यावर अपघात झाला, १०८ यायला वेळ आहे, तोवर काय?

प्रश्न: राळेगाव तालुक्यातल्या एका फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान आहे. मागच्या महिन्यात दिवेलागणीला दुकानासमोरच एका मोटारसायकलवाल्याच्या आडवा रोही (नीलगाय) आला. माणूस पडला, बेशुद्ध होता, घशातून घरघर आवाज येत होता. आम्ही हेल्मेट काढलं, पाणी पाजून पाहिलं, ऑटोत बसवून तालुक्याला नेलं. पोचेपर्यंत तो गेला. आमचं काय चुकलं? आणि फाट्यावरच्या पोरांना शिकवायचं झालं तर काय शिकवावं?

उत्तर:

आधी तुमच्या मनात जे बोचतंय त्याबद्दल. तो माणूस वाचला असता की नाही, हे मी इथं बसून सांगू शकत नाही. कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याचंही ऐकू नका. डोक्याच्या आत किती मार होता, पोटात रक्त साचलं होतं का, हे रस्त्यावर उभं राहून दिसत नाही. तुम्ही दुकान उघडं टाकून धावलात. मी पाहिलंय, बरेच जण मोबाइल काढून उभे राहतात. पण विचारलंच आहे म्हणून सांगतो: तुमच्या पत्रात मला खटकलेला शब्द एकच आहे. घरघर.

मी आयुर्वेदाचा पदवीधर. सात वर्षं १०८ च्या गाडीवर डॉक्टर होतो, आता ग्रामीण रुग्णालयात अपघात विभाग सांभाळतो, आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव पोरांना हेच शिकवत फिरतो. म्हणून उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

शुद्ध हरपलेला माणूस उताणा पडला की जबड्याचे स्नायू सैल होतात आणि जीभ मागं घशावर जाऊन बसते. हवा जेमतेम आत-बाहेर होते, त्याचा आवाज म्हणजे घरघर. त्यात नाकातोंडातलं रक्त नाहीतर उलटी मिसळली की गुळण्या केल्यासारखा आवाज येतो. दोन्हींचा अर्थ एकच, श्वासाची वाट बंद होत चालली आहे. लोकांना मात्र वाटतं, ‘आवाज येऊन राहिला म्हणजे जीव आहे, चला लवकर.’ जीव आहे हे खरं, पण मेंदूला हवा मिळाली नाही तर चार-पाच मिनिटांत कायमचं नुकसान सुरू होतं. १०८ कितीही पळाली तरी चार मिनिटांत तुमच्या फाट्यावर उभी राहत नाही. ती मिनिटं तुमची आहेत, माझी नाहीत.

आपल्या भागात आणखी एक भानगड असते, जी प्रशिक्षणाच्या छापील पुस्तकात सापडत नाही. खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून गालात धरतात तो. माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका पोराला गाडीत घेतलं. अंगावर फार जखमा नव्हत्या, पण ओठ निळे पडलेले. तोंड उघडलं तर गालात खर्ऱ्याचा गोळा, त्यातला निम्मा लाळेनं भिजून घशात उतरलेला. एवढं काढलं आणि त्याचा रंग बदलला. तेव्हापासून मी शिकवताना सगळ्यात आधी हेच सांगतो: बेशुद्ध माणूस दिसला की तोंडात काय आहे ते बघा. खर्रा, सुपारी, तुटलेला दात, म्हाताऱ्यांची कवळी. जे डोळ्यांना दिसतंय तेवढंच, माणूस कुशीवर असताना, बोटाला रुमाल गुंडाळून बाहेर ओढायचं. दिसत नसताना आत बोट घालून चाचपायचं नाही. त्यानं गोळा आणखी खाली ढकलला जातो.

घरघर थांबवायची कशी, ते हातांनीच शिकावं लागतं, पण लिहून पाहतो. त्याच्या डोक्यामागं गुडघ्यांवर बसा, दोन्ही कोपर जमिनीला टेकवा. त्याच्या कानाच्या पाळीखाली जबड्याचा कोपरा बोटांना लागेल. दोन्हीकडून तिथं बोटं अडकवा आणि जबडा सरळ वर, आभाळाकडं उचला. खालचे दात वरच्या दातांच्या किंचित पुढं आले की जमलं. मान मागं वाकवायची नाही. जीभ जबड्याला जोडलेली असते, त्यामुळं ती आपोआप पुढं येते आणि घरघर तिथल्या तिथं थांबते. ज्यानं हे एकदा स्वतःच्या हातानं अनुभवलं त्याला पुन्हा सांगावं लागत नाही.

रक्त किंवा उलटी असेल तर एवढ्यानं भागत नाही, माणूस कुशीवरच घ्यावा लागतो. एकानं डोकं दोन्ही हातांत धरायचं आणि हुकूम त्यानंच द्यायचा. दुसरा खांद्याला आणि कमरेला, तिसरा मांडी आणि पिंढरीला. ‘एक, दोन, तीन’ म्हणत लाकडाचा ओंडका फिरवावा तसं डोकं, छाती, कंबर एका रेषेत फिरवायचं. तोंड थोडं जमिनीकडं, म्हणजे आतलं बाहेर गळतं. लोक विचारतात, मानेचं हाड मोडलेलं असलं तर? असू शकतं, म्हणूनच तिघं लागतात. पण तुम्ही एकटेच असाल आणि तो गुदमरत असेल, तर जमेल तितकं सांभाळून कुशीवर घ्या. मानेला जपत बसलात आणि श्वास गेला, तर जपलेली मान घेऊन करायचं काय?

पाण्याचं यातच आलं. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही, पाजलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं. शुद्धीवर असलेल्यालाही देऊ नका, कारण पुढं भूल द्यायची वेळ आली तर भरलेलं पोट घात करतं. तो ‘पाणी, पाणी’ करेल, आजूबाजूच्या बायाबापड्या ‘मरत्या माणसाला पाणी नाही देत का रे’ म्हणून तुम्हाला शिव्याही देतील. ओठ ओल्या रुमालानं पुसा, बस. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं, गालावर चापटा मारणं, झटका आला तर दातांत चमचा घालणं, ही सगळी आपली जुनी हौस. तीही सोडायची.

आता हेल्मेट. तुम्ही काढलंत यात सरसकट चूक नाही. तो शुद्धीवर असेल, नीट श्वास घेत असेल, तर काच वर करा, हनुवटीखालचा पट्टा सैल करा आणि हेल्मेट डोक्यावरच राहू द्या, आम्ही काढू. पण तोंड झाकणारं हेल्मेट आहे, आत घरघर चालू आहे आणि तोंडापर्यंत हात पोचत नाही, तर काढावंच लागतं, आणि ते दोघांनी. एकानं खालून, छातीच्या बाजूनं, एका हातानं जबडा आणि दुसऱ्या हातानं मानेचा मागचा भाग घट्ट धरायचा; तो हात शेवटपर्यंत हलवायचा नाही. दुसऱ्यानं डोक्याच्या बाजूला बसून हेल्मेटच्या खालच्या कडा बाहेर ताणायच्या, म्हणजे कान सुटतात. मग सरळ रेषेत हळूहळू ओढायचं. नाकाशी अडलं की थोडं मागं कलवायचं. हेल्मेट निघताना डोकं धपकन जमिनीवर पडतं, तिथंच सगळे चुकतात. खालच्या माणसाचा हात त्यासाठीच आहे. मी प्रशिक्षणात हे दहा-दहा वेळा करून घेतो आणि पहिल्या तीन वेळा प्रत्येक पोट्ट्याच्या हातून डोकं सुटतंच.

(आपल्याकडं हेल्मेट काढायची वेळ कमीच येते, कारण ते आरशाला लटकवलेलं असतं. नाहीतर दुपट्ट्यावर नुसतं ठेवलेलं, पट्टा न लावता. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या धडकेत माणसाच्या आधी शेतात जाऊन पडतं.)

श्वास चालतोय की नाही, हे दहा सेकंदांत ठरवायचं. गाल त्याच्या तोंडाजवळ न्या, नजर छातीकडं ठेवा. मासा पाण्याबाहेर तोंड उघडतो तसा मधूनच एखादा आचका येत असेल तर तो श्वास धरायचा नाही. हाक मारून, खांदा हलवून प्रतिसाद नाही आणि श्वासही नाही, तर छातीच्या मधोमध हाडावर तळहात ठेवून, कोपर न वाकवता, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीनं ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबत राहायचं. खरं सांगतो, जबर मारानं बंद पडलेलं हृदय यानं क्वचितच सुरू होतं. तरी करायचं. कारण चालत्या गाडीवर आधी हृदयविकाराचा झटका आला आणि मग तो पडला, असंही होतं, आणि फाट्यावर उभं राहून हा फरक कोणाला कळत नाही.

रक्ताचं गणित सोपं आहे, आणि भयंकरही. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. मांडीचं हाड मोडलं तर बाहेर थेंब न सांडता एक ते दीड लिटर नुसतं मांडीतच साठतं. म्हणून मांडी सुजून टम्म झालेली दिसली की ‘रक्त तर नाही निघालं’ असं म्हणून निश्चिंत राहू नका. बाहेर वाहणारं रक्त थांबवायला मात्र दुपट्ट्यासारखं साधन नाही. हातमोजे नसतील तर हाताला कॅरीबॅग बांधा. दुपट्ट्याची घडी जखमेवर ठेवा आणि दोन्ही तळव्यांनी, अंगाचा भार टाकून दाबा. आणि दाबूनच ठेवा! दर मिनिटाला उचलून ‘थांबलं का’ बघायचं नाही. बघितलंत की जमलेली गुठळी निघते. कपडा भिजला तर त्यावरच दुसरा ठेवा आणि भार वाढवा. हळद, कॉफी, माती, डिझेल यांतलं काहीही नको. काच, लोखंडी सळई, मोडलेला ब्रेकचा दांडा आत घुसलेला असेल तर उपटू नका. त्याच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या वळकट्या लावून तो हलणार नाही असं बांधा.

हात किंवा पाय तुटलाय, रक्त पिचकारीसारखं उडतंय आणि दाबूनही ऐकत नाही, अशा वेळीच आवळून बांधायचं. चार बोटं रुंद पट्टी, जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नको. गाठीत तुमच्याच दुकानातला एखादा पाना अडकवून पीळ द्या, रक्त थांबेपर्यंत. सुतळी किंवा तार वापरली तर ती मांस कापते. बांधल्याची वेळ पेननं त्याच्या हातावर नाहीतर कपाळावर लिहा आणि दवाखान्यापर्यंत सैल करू नका. तुटलेलं बोट सापडलं तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घाला, आणि ती पिशवी बर्फाच्या पिशवीत ठेवा. बोट थेट बर्फात टाकलं तर ते जोडण्यालायक राहत नाही.

मोडलेल्या हाडाला आधार द्यायला आपल्याइतकी सोय कुठंच नाही. रस्त्याच्या कडेला तुराट्या (तुरीच्या वाळल्या काड्या) पडलेल्या असतात, पऱ्हाट्या (कपाशीच्या) असतात. आठ-दहा तुराट्यांची जुडी कापडात गुंडाळली की उत्तम खपची होते. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, असे दोन्ही सांधे बांधात यायला हवेत. पाय वाकडा झाला असेल तर आहे तसाच बांधा. तो ओढून सरळ करायला गावात कोणीतरी जाणता असतोच, त्याला त्या दिवशी लांब ठेवा.

दोन प्रकारचे रुग्ण मला फार फसवतात, म्हणजे तुम्हालाही फसवतील. पहिला, ज्याच्या पोटात हँडल घुसलं. हा स्वतः उठतो, पँट झटकतो, ‘काही नाही झालं भाऊ’ म्हणत गाडीला किक मारून घरी जातो. हँडलच्या टोकानं पोटातली प्लीहा किंवा यकृत फाटलेलं असू शकतं, आणि ते आत गुपचूप झिरपत राहतं. तासाभरानं डावा खांदा दुखतो म्हणतो, खांद्याला तर मार नसतो. चेहरा पांढरा पडतो, हात गार आणि घामट, नाडी पळायला लागते. अशाला झोपवून ठेवून लगेच दवाखान्यात न्या. पोटावर हँडलचा गोल वळ उमटलाय का, हे पडलेल्या प्रत्येकाचा शर्ट वर करून बघायची सवय पोरांना लावा.

दुसरा, ज्याला सगळे ‘पिऊन आहे’ म्हणतात. तो बरळतो, शिव्या देतो, उठून पुन्हा बसतो. वास येतही असेल. वर्धा जिल्ह्यात तर कितीतरी वर्षांपासून दारूबंदी आहे, तरी तिथल्याही रुग्णांच्या तोंडाचा वास मी घेतलेला आहे. पण दारू प्यालेल्याच्या डोक्याला मार लागत नाही असं थोडंच आहे? उलट जास्तच लागतो. एकाला आमच्याच गाडीत आणताना सोबतचे हसत होते, ‘उतरली की चालेल.’ त्याच्या एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसत होती. डोक्यात रक्त साचत होतं. एखादा आधी नीट बोलतो आणि तासाभरानं झोपाळू होतो, उलट्या करतो, तेव्हाही हेच घडत असतं. नाका-कानातून पाण्यासारखं किंवा रक्तमिश्रित काही गळत असेल तर बोळा कोंबू नका, वाहू द्या, आणि आम्हाला सांगा.

आता ऑटोचा मुद्दा, कारण खरा वाद तिथंच आहे. शहरातले प्रशिक्षक सांगतात, ‘हलवू नका, रुग्णवाहिकेची वाट बघा.’ आपल्याकडं हे नेहमी लागू पडत नाही. १०८ ला फोन लावल्यावर पहिला प्रश्न विचारा: गाडी कुठून निघतेय, किती मिनिटं? पंधरा-वीस मिनिटांत येत असेल तर थांबा, आणि तोवर वर सांगितलेलं करत राहा. आमच्या गाडीत प्राणवायू आहे, सलाइन आहे, डॉक्टर आहे. गाडी दुसऱ्या केसवर गेलेली असेल, पाऊण तास म्हणत असतील, आणि माणूस पांढरा पडत चालला असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर मिळेल त्या गाडीनं न्या. त्यात तुमची चूक नाही. चूक झाली ती ‘बसवून’ नेण्यात. ऑटोच्या सीटवर बेशुद्ध माणूस बसवला की मान छातीवर लोंबते आणि श्वासाची नळी मुडपते. घरघर करणाऱ्याला त्याहून वाईट काही नाही. दोघांच्या मधे धरून मोटारसायकलवर नेणं तर त्याच्याही पलीकडचं.

पिकअप किंवा छोटा हत्ती थांबवा, मागचा हौदा सपाट असतो. धाब्यावरची बाज आणा. पण विणलेली बाज मधे झोळ खाते, म्हणून तिच्यावर दुकानाचं फळकूट नाहीतर दार टाका. कुशीवर झोपवा, एक जण डोक्याशी बसून ते धरून ठेवेल, दुसरा जखम दाबत राहील. ड्रायव्हरला सांगा, पळव पण खड्ड्यात आपटू नको. आणि निघायच्या आधी १०८ ला पुन्हा फोन करून कळवा. बऱ्याचदा समोरून येणाऱ्या आमच्या गाडीशी मधेच गाठ घालता येते.

कुठं न्यायचं? श्वास अडतोय किंवा रक्त थांबत नाही, तर जे जवळ असेल ते ग्रामीण रुग्णालय. तिथं शस्त्रक्रिया होत नसेल, पण नळी टाकता येते, सलाइन लागतं, आणि रक्तस्राव आवरणारं ट्रानेक्झामिक आम्लाचं इंजेक्शन देता येतं. ते जखम झाल्यापासून ३ तासांच्या आत दिलं तरच कामाचं असतं. नुसती टीटी (धनुर्वाताची सुई) टोचून ‘घरी न्या’ म्हणत असतील तर तिथून हलू नका, तपासून घ्या. पुढं सीटी स्कॅन आणि डोक्याची शस्त्रक्रिया लागली तर यवतमाळ, सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरचं मेडिकल, हे तिथला डॉक्टर ठरवेल.

हे सगळं करायच्या आधीचं एक मिनिट मात्र स्वतःसाठी ठेवा. ताशी ६० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर कापते. म्हणजे ५० मीटरवर ठेवलेली खूण ड्रायव्हरला फक्त तीन सेकंद देते. दिवेलागणीला कापसाचा ट्रॅक्टर मागच्या दिव्याविना येतो, त्याच्या मागून पोट्टे ट्रिपल सीट. म्हणून दोन्ही बाजूंना शंभर-शंभर पावलांवर एकेक माणूस मोबाइलचा टॉर्च हलवत उभा करा, कडुनिंबाच्या फांद्या टाका. (आणि नंतर उचला! त्याच फांदीवरून रात्री घसरलेला दुसरा रुग्ण मी आणलेला आहे.) पडलेल्या गाडीची चावी बंद करा, कोणाला बिडी पेटवू देऊ नका. विजेचा खांब आडवा झाला असेल तर तार मेलेली आहे असं कधीच धरू नका. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळं आपले लोक पडतात ते पांदणीतून (शेताकडच्या वाटेवरून) डांबरी रस्त्यावर चढताना, फाट्यावर, आणि रोही-रानडुकरांच्या वाटेवर. सगळ्या ठिकाणी उजेडाचा पत्ता नसतो. मे महिन्यात आणखी एक लक्षात ठेवा. दुपारचं डांबर उघड्या कातडीला भाजतं. माणूस हलवता येत नसेल तर निदान फिरवताना अंगाखाली गोणपाट सरकवा आणि वरून दोघांनी चादर ताणून सावली धरा.

फोन एकानंच करायचा, आणि तो कोण हे बोट दाखवून ठरवायचं; ‘कोणीतरी लावा रे’ म्हटलं की कोणीच लावत नाही. १०८ चा फोन पुण्यात उचलला जातो. तिथल्या मुलीला तुमच्या फाट्यावरचं मारुतीचं देऊळ माहीत नसतं. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग रस्ता. किलोमीटरचा दगड जवळ असेल तर त्याचा माथा पिवळा आहे की हिरवा की नारंगी, आणि त्यावरचा आकडा सांगा. पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा राज्य मार्ग, नारंगी ग्रामसडक. किती जखमी, कोण बेशुद्ध, कोणी खाली अडकलंय का, हे सांगा आणि ती ठेवल्याशिवाय फोन ठेवू नका. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ वरही कळवता येतं, पोलिसांसाठी ११२.

पोलिसांचं नाव निघालं की तुमच्या फाट्यावरचे निम्मे लोक मागं सरकतील, म्हणून हे पाठ करून घ्या. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४ ए आलं. तुम्ही चांगल्या हेतूनं मदत करताना रुग्ण दगावला तरी तुमच्यावर फौजदारी किंवा दिवाणी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती पोलीस किंवा दवाखाना करू शकत नाही. भरतीचे पैसे भरा म्हणून तुम्हाला अडवून ठेवता येत नाही. स्वतःहून साक्षीदार व्हायचं ठरवलं तरच जबाब. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्राकडून बक्षीसही आहे. ते ५,००० होतं, २०२५ मध्ये २५,००० रुपये झालं. त्याच वर्षी ठरवून दिलेल्या दवाखान्यांत अपघातग्रस्तावर ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार विनारोकड करण्याची योजनाही अधिसूचित झाली. दवाखान्याच्या खिडकीवर ‘आधी पैसे’ ऐकू आलं तर या योजनेचं नाव मोठ्यानं घ्या. मला एका ठिकाणी स्वतःला घ्यावं लागलं होतं, गणवेशात असून.

आता पोरांचं प्रशिक्षण. पडदा लावून चित्रं दाखवणारं शिबिर घेऊ नका. मीही सुरुवातीला घेत होतो, टाळ्या मिळायच्या आणि महिन्याभरानं कोणाला काही आठवत नव्हतं. बारा-पंधरा जण, चार तास, तुमच्या दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत. निवड गावातल्या हुशार पोरांची नको, जे रोज फाट्यावर असतात त्यांची करा: चहावाला, धाब्यावरचा पोऱ्या, काळी-पिवळीचे ड्रायव्हर, दूध घालणारे, पेट्रोल पंपावरचे, आणि गावच्या आशाताई. त्या सगळ्यात आधी पोचतात आणि गर्दी त्यांचं ऐकते.

सामान तुमच्याकडंच आहे. अर्धवट हवा भरलेली जुनी ट्यूब पोत्यात घाला, छाती दाबायच्या ठेक्याचा सराव त्यावर होतो. खोलीचा अंदाज मात्र रुग्णालयातल्या पुतळ्यावरच येतो, तो मी आणेन. पाण्याच्या बाटलीला खिळ्यानं भोक पाडा, लाल रंग टाका, एकाला ती पिळायला सांगा आणि दुसऱ्याला दुपट्ट्यानं रक्त थांबवायला. नुसता कपडा गुंडाळणाऱ्याचे हात लाल होतात, भार देऊन दाबणाऱ्याचे कोरडे राहतात. भाषणाची गरज पडत नाही. एकाला बेशुद्ध असल्याचं सोंग घेऊन झोपायला सांगा, गालात ओल्या पोह्यांचा छोटा पुडा ठेवा आणि बाकीच्यांना न सांगता बघा, तोंड कोण तपासतं ते. शेवटी अंधार पडल्यावर सगळं एकदा, टॉर्चवर, खऱ्या गडबडीत करा. सहा महिन्यांनी पुन्हा, शक्यतो पोळ्याच्या आधी; त्यानंतर सोयाबीन, मग कापूस, रस्ते भरतात. रेड क्रॉस किंवा सेंट जॉन अॅम्ब्युलन्सचं रीतसर प्रमाणपत्र ज्यांना हवं त्यांनी नंतर घ्यावं.

दुकानात एक डबा ठेवा: हातमोज्यांच्या जोड्या, चार मोठे धुतलेले दुपट्टे, रुंद पट्ट्या, कापडं कापायची कात्री, टॉर्च, पेन, एक चादर. मलमांनी भरलेली महागडी पेटी आणू नका, ती उन्हात वितळते.

जखमीच्या खिशातला फोन वाजतो, त्याचं काय करायचं, हे कोणी शिकवत नाही. उचला. ‘गेला’ किंवा ‘काही नाही झालं’ यांतलं काहीच बोलू नका. ‘अपघात झालाय, अमुक दवाखान्यात नेतोय, दोघं मोठे माणसं तिकडं या, गाडी सावकाश चालवा.’ एवढंच. घाबरून सुसाट निघालेला भाऊ त्याच रस्त्यावर पडलेला मी दोनदा पाहिलाय.

तुमच्याकडं शुक्रवारी बाजार असतो असं ऐकलं, म्हणून शनिवारी सकाळी सात वाजता येतो, ऊन चढायच्या आत. दोन हेल्मेट मी आणतो. तुराट्या, बाज आणि जुन्या तीन ट्यूब तुम्ही काढून ठेवा. आणि त्या दिवशीच्या ऑटोवाल्याला नक्की बोलवा. त्याच्या मनातही तोच प्रश्न असेल.